मुखपृष्ठांची नोंद

गेली काही वर्षं मी माझं जुनं काम संकेतस्थळावर लावतो आहे. काम म्हणजे मुख्यतः मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं. शिवाय दिवाळी अंक, नाटकांच्या जाहिराती, थोडी बोधचिन्हं. सुरुवात व्यवसायाच्या गरजेतून झाली. नवा प्रकाशक फोनवर ‘तुमचं काम पाठवा’ म्हणाला की पाठवायला काहीतरी नीटनेटकं हवं होतं. पण जसजशी कपाटं उपसत गेलो, तसतसं या खटाटोपाचं वजन बदललं. मराठी मुखपृष्ठ ही फार लवकर नाहीशी होणारी वस्तू आहे, आणि ते कसं घडलं हे सांगू शकणारी माणसं त्याहून लवकर पांगतात. म्हणून आता मी हे आधी नोंद म्हणून करतो. त्यातून नवं काम मिळालं तर आनंदच आहे. या कामात जे हाती लागलं ते इथे लिहितो. पत्रिका, वेष्टनं, फलक, कॅलेंडरं करणाऱ्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडावं.

१. आधी छापील प्रत शोधा

मी व्यवसायात आलो तेव्हा मुखपृष्ठाचं ‘मूळ’ रंगीत नसायचंच. पांढऱ्या बोर्डावर काळ्या शाईत रेखाटन, त्यावर चिकटवलेली शीर्षकाची अक्षरं, आणि वर बटर पेपर. कुठे कोणता रंग किती टक्के हे त्या बटर पेपरवर पेन्सिलीने लिहायचं. टक्के ठरवायला शेजारी टिंट चार्ट असे. मग प्रोसेसवाल्यांकडे फिल्म निघत, त्यांवरून प्लेटा, आणि मशीनवर कागद गेल्यावर ते चित्र पहिल्यांदा रंगात दिसे. म्हणजे माझ्याकडे उरलेला तो बोर्ड म्हणजे अर्धंच काम. पुरं काम छापलेल्या प्रतीतच आहे. संगणक आल्यावरही हे फारसं बदललं नाही, कारण पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग यांचं कधीच पूर्ण जुळलं नाही.

आणि नेमकी ही छापील प्रतच मिळत नाही. आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक आलं की ते टिकावं म्हणून पक्की बांधणी करतात. कापडी कणा, जाड पुठ्ठा, वर ग्रंथालयाचा शिक्का. वाचकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. शेकडो हातांतून जाणारं पुस्तक त्याशिवाय तगणार नाही. पण या बांधणीत बहुतेक वेळा मुखपृष्ठ काढून टाकलं जातं. मलपृष्ठावरचा मजकूर, लेखकाचं छायाचित्र, जॅकेटच्या घड्या, सगळंच जातं. पुढे जुन्या मराठी पुस्तकांचे जे स्कॅन इंटरनेटवर आले, त्यांतले कितीतरी अशाच बांधलेल्या प्रतींवरून आणि कृष्णधवल केलेले आहेत. मजकूर वाचला, चेहरा गेला.

म्हणून माझा शोध तीन ठिकाणी चालतो. पहिलं ठिकाण प्रकाशकाची कार्यालयीन प्रत. दुसरं पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुनी दुकानं आणि मुंबईत फाउंटनचे फूटपाथ. तिसरं आणि सगळ्यांत भरवशाचं ठिकाण म्हणजे लेखकांची घरं. लेखक पहिल्या आवृत्तीची पहिली प्रत जपतात. त्यांच्यामागे त्यांची मुलं, सुना जपतात. फोन करून ‘वहिनी, फक्त मुखपृष्ठाचा फोटो काढायचाय, पुस्तक घराबाहेर नेणार नाही’ असं म्हटलं की दार उघडतं. अशा एका घरात माझ्याच मुखपृष्ठाची अशी आवृत्ती मिळाली, जी छापल्याचं मला कुणी कळवलंच नव्हतं.

२. जुन्या फाइली उघडतात तोवर उघडून घ्या

इथे जरा थांबतो, कारण मराठीत काम करणाऱ्यांची ही खास अडचण आहे आणि तिच्याकडे पाहायला वेळ थोडा उरला आहे.

आमच्या पिढीचं काम पेजमेकर, कोरलड्रॉ आणि फ्रीहँडमध्ये झालं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. फ्रीहँडची २००३ साली. त्यानंतर हे दोन कार्यक्रम थांबले. त्यांतल्या फाइली आजच्या संगणकावर सरळ उघडत नाहीत. पण मार्ग आहेत. लिबरऑफिसचा ‘ड्रॉ’ हा मोफत कार्यक्रम पेजमेकर, फ्रीहँड आणि कोरलड्रॉ या तिन्हींच्या बऱ्याच जुन्या फाइली उघडतो. इंकस्केपही कोरलच्या फाइली वाचतो. मांडणी थोडी सरकते, एखादी छटा हरवते, पण रेषा हाती लागतात.

खरी गाठ फॉन्टची. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी मराठी छपाईचं काम पुढे कितीतरी वर्षं श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांवर चाललं. या फॉन्टांमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं यांचा निरर्थक गुंता दिसतो. काही सॉफ्टवेअरना तर संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायचं कुलूप लागे. आम्ही त्याला डोंगल म्हणायचो. डोंगल हरवला की सॉफ्टवेअर मुकं.

माझी पद्धत अशी आहे. जुना संगणक चालू स्थितीत ठेवला आहे, त्यावर त्या काळचे फॉन्ट आहेत, आणि तो इंटरनेटला जोडत नाही. फाइल आधी त्याच्यावर उघडायची. अक्षरं वक्ररेषांत बदलायची, आमच्या भाषेत ‘कर्व्ह’ करायची, म्हणजे फॉन्ट असो-नसो आकार पक्का राहतो. मग पीडीएफ काढायची. आणि शीर्षक, लेखक, प्रकाशक ही माहिती युनिकोडमध्ये हाताने टाइप करून त्या फाइलीच्या शेजारी ठेवायची. फॉन्ट बदलून देणारी परिवर्तकं मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारांत ती अडखळतात. चार ओळींसाठी हाताने टाइप करणं जास्त खात्रीचं.

फ्लॉपी, झिप डिस्क, सीडी यांच्याबद्दल इतकंच : त्यांतलं जे वाचता येतं ते याच महिन्यात हार्ड डिस्कवर उतरवा. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, आणि ती खराब झाल्याचं उघडायला गेल्यावरच कळतं.

३. स्कॅन करताना प्रत सुंदर करू नका

ऑफसेटवर छापलेलं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. स्कॅनरही चित्राकडे जाळीतूनच पाहतो. या दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की पडद्यावर एक नागमोडी नक्षी उमटते, तिला मोआरे म्हणतात. पुष्कळ लोक ती स्कॅनरचा दोष समजून चित्र धूसर करून टाकतात. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, स्कॅनरमधली ‘डीस्क्रीन’ची सोय वापरून पाहा, आणि आकार नंतर कमी करा. मूळ स्कॅन टिफमध्ये, काहीही न बदलता, वेगळा ठेवा. संकेतस्थळावर जाणारी छोटी प्रत त्यावरून करा.

रंगाच्या बाबतीत मी कडक आहे. जुना कागद पिवळा पडलेला असेल तर तो पिवळाच दिसू द्यावा. मात्र ऊन लागून विटलेला रंग ही वेगळी गोष्ट आहे. चार शायांपैकी पिवळी आणि मॅजेंटा उन्हात आधी उडतात, निळी आणि काळी टिकतात. म्हणून दुकानाच्या काचेत राहिलेली पुस्तकं निळसर झालेली दिसतात. मूळ रंग पाहायचा असेल तर जॅकेटची आत दुमडलेली घडी उघडावी. तिथे उजेड पोचलेला नसतो. मी त्या घडीवरचा रंग प्रमाण मानतो, आणि विटलेल्या प्रतीशेजारी त्या घडीचा फोटो लावतो. कणा आणि मलपृष्ठ यांचेही फोटो हवेत. कपाटात उभ्या असलेल्या पुस्तकाचा आपल्याला वर्षानुवर्षं फक्त कणाच दिसतो. सोनेरी फॉइल, उठावाची छपाई आणि चकाकती वार्निश स्कॅनरला कळत नाही. त्यासाठी खिडकीच्या तिरक्या उजेडात, पुस्तक हातात धरून फोटो काढावा. हातामुळे आकाराचाही अंदाज येतो. पडद्यावर डेमी आणि क्राउन सारखेच दिसतात, आणि मुखपृष्ठ करणाऱ्यासाठी तो फरक फार मोठा आहे.

४. चित्राशेजारी अडचण लिहा

व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या चित्रांना मथळा लागत नाही, ती त्यांची किमया. मुखपृष्ठाला मात्र मजकूर लागतो, कारण मुखपृष्ठ एकट्या चित्रकाराच्या मनातून उतरत नाही. ते पुस्तकाचा विषय, प्रकाशकाचं बजेट, छापखान्याचं मशीन आणि लेखकाची इच्छा यांच्यामधून वाट काढत येतं. ती वाट दिसली नाही तर पाहणाऱ्याच्या हाती फक्त ‘छान’ किंवा ‘बरं’ एवढंच लागतं.

एक उदाहरण देतो. गिरणगावातल्या कथांच्या एका संग्रहाचं मुखपृष्ठ मी काळ्या आणि निळ्या, अशा दोनच रंगांत केलं होतं. चाळीचा जिना, वरून खाली पाहिलेला. कठडा काळा, भिंती निळ्या, आणि एका खिडकीच्या जागी कोरा कागद. ते संकेतस्थळावर लावल्यावर एका कला महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, निळाच का? रात्रपाळी सुचवायची होती का?’ प्रश्न चांगला होता, आणि रात्रपाळी माझ्या मनात होतीच. पण निळा आला तो आधी छापखान्यातून. बजेट दोन रंगांचं होतं. काळा हवाच. दुसरा रंग मी विटकरी मागितला होता. छापखान्याच्या मालकांनी सांगितलं की त्या आठवड्यात मशीनवर एका शैक्षणिक पुस्तकाचं निळं काम चालू आहे. तुम्ही निळ्यात आलात तर रोलर धुण्याचा खर्च वाचेल आणि पुस्तक प्रकाशन समारंभाला वेळेत मिळेल. मग मी चित्र निळ्यासाठी पुन्हा रेखलं. निळ्याचे तीस टक्के ठिपके टाकून एक फिकी छटा मिळवली, निळ्यावर काळा छापून जिन्याच्या तळाशी दाट अंधार मिळवला. दोन शायांतून चार छटा निघाल्या. विटकरी भिंती असत्या तर खिडकीतला कोरा कागद इतका उजळला नसता.

आता या मुखपृष्ठाच्या पानावर हे सगळं लिहिलेलं आहे. त्या विद्यार्थिनीने पुढे दोन रंगांच्या छपाईवर आपला प्रकल्प केला. मर्यादा लिहिल्यामुळे काम लहान होत नाही. पाहणाऱ्याला त्यात शिरायला जागा मिळते.

मी प्रत्येक पानावर ठरावीक गोष्टी देतो : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष, पुस्तकाचा आकार, रंग किती आणि कोणते, कागद आणि वरची प्रक्रिया, शीर्षकाची अक्षरं हाताने काढलेली की फॉन्टमधली, आणि फॉन्ट असेल तर कोणता. त्याखाली दोन-तीन परिच्छेद. त्यात प्रकाशकाने काय मागितलं, मी काय सुचवलं, काय बदललं. बटर पेपरवरची कच्ची रेखाटनं उपलब्ध असतील तर ती. न स्वीकारलेले पर्याय मी दाखवतो, पण प्रकाशकाला आणि लेखकाला विचारून. कधीकधी लेखकाच्या मनात त्या नकाराची काही खाजगी कारणं असतात, आणि ती जाहीर करण्याचा मला अधिकार नाही.

५. सगळं नोंदवा, थोडं दाखवा

पुरी यादी आणि निवडक काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा. यादीत सगळं येतं : गाइडं, आरत्यांची पुस्तकं, स्मरणिका, पोटासाठी केलेलं सगळं. त्यातल्या प्रत्येकावर एक ओळ पुरते. निवडक भागात मात्र मी अशीच कामं ठेवतो, ज्यांच्याबद्दल मला काहीतरी सांगायचं आहे. नव्या प्रकाशकाला निवडक भाग पुरतो. संशोधकाला यादी लागते, आणि त्याला कोणतं पुस्तक महत्त्वाचं वाटेल हे आज आपण ठरवू शकत नाही.

६. श्रेय पूर्ण द्या

दीनानाथ दलालांची सही चित्रातच असे. ‘दीपावली’ दिवाळी अंकाचं एखादं पान सुटं होऊन कुठेही गेलं तरी चित्रकार कळतो. आमच्या मुखपृष्ठांवर सही नसते. आत, श्रेयाच्या पानावर, ‘मुखपृष्ठ :’ पुढे एक नाव असतं, आणि त्या एका नावामागे पुष्कळ माणसं असतात. माझ्या कित्येक मुखपृष्ठांत शीर्षकाची अक्षरं दुसऱ्या कलाकाराने काढलेली आहेत. छायाचित्र तिसऱ्याचं. रंगांच्या फिल्म चौथ्याने केल्या. संकेतस्थळावर जागेची टंचाई नाही, तेव्हा ही सगळी नावं तिथे आलीच पाहिजेत.

अक्षरलेखनाचा उल्लेख मुद्दाम करतो. नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं वर्तमानपत्राबरोबर दुसऱ्या दिवशी रद्दीत जात. कमल शेडगे यांनी आपलं काम ‘माझी अक्षरगाथा’मधून पुस्तकरूपात आणलं, म्हणून नाटकाच्या नावाला कलाकाराच्या हाताने मिळालेलं रूप आज एकत्र पाहता येतं, आणि त्यामागचा विचार त्यांच्याच शब्दांत वाचता येतो. २०२० साली ते गेले. त्यांच्या आसपास आणि त्यांच्या आधी अक्षरं काढणाऱ्या कितीतरी जणांचं काम आपल्याला ओळखता येतं, नाव सांगता येत नाही. माझ्या कामात ज्यांची अक्षरं आहेत त्यांच्या बाबतीत असं होऊ नये एवढी जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे.

चित्रं फोनवरून फिरतात, आणि फाइलीच्या आत लपवलेली श्रेयाची माहिती त्या प्रवासात बहुतेक वेळा पुसली जाते. म्हणून मी चित्राच्या खाली, चित्राचाच भाग म्हणून, एक बारीक पांढरी पट्टी जोडतो : पुस्तक, लेखक, मुखपृष्ठ, अक्षरलेखन, वर्ष. चित्रावर आडवा शिक्का मारत नाही. ज्याला ते पाहायचं आहे त्याला ते स्वच्छ दिसलं पाहिजे.

७. हक्क समजून घ्या, आणि विचारा

१९५७ चा कॉपीराइट कायदा कलाकाराने एकदा तरी वाचावा. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राच्या आणि रंगचित्राच्या बाबतीतही, उलट करार नसेल तर, पहिली मालकी करवून घेणाऱ्याची. एरवी हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी असावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो.

आपल्याकडे बहुतेक कामं तोंडी बोलण्यावर झालेली असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी कायद्यावर बोट ठेवून भांडण्यात अर्थ नाही. मी एक साधं पत्र करून ठेवलं आहे : तुमच्या अमुक पुस्तकाचं मुखपृष्ठ मी केलं होतं, ते माझ्या कामाची नोंद म्हणून तुमच्या नावासह दाखवू इच्छितो. बहुतेक प्रकाशकांनी लगेच होकार दिला, काहींनी जुन्या प्रती शोधूनही दिल्या. एका प्रकाशनसंस्थेने परवानगी नाकारली. ती मुखपृष्ठं यादीत आहेत, चित्राशिवाय.

८. मराठीत लिहा, आणि मराठी नीट दिसेल असं लिहा

बहुतेक मराठी डिझायनरांची संकेतस्थळं इंग्रजीत असतात. ग्राहक इंग्रजीत शोधतात हे खरं, म्हणून माझ्याकडेही थोडक्यात इंग्रजी आहे. पण मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ शोधणारा माणूस मराठीत शोधतो. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला भरवशाने वाचता येतीलच असं नाही, विशेषतः ती हाताने काढलेली असतील तेव्हा. शीर्षक आणि लेखकाचं नाव युनिकोडमध्ये खाली लिहिलेलं असेल तरच ते सापडतं. नावं वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहावीत. ‘पु. ल. देशपांडे’ शोधणारे आहेत, ‘पुलं’ शोधणारे आहेत, आणि पूर्ण नाव शोधणारेही आहेत. चित्राचं वर्णनही लिहावं. ज्याला दिसत नाही तो पडदा वाचणाऱ्या कार्यक्रमाच्या मदतीने तुमचं मुखपृष्ठ ऐकतो. ‘चित्र १’ ऐकून त्याला काय कळणार?

आता अक्षरांबद्दल. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीच्या वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी प्रमाण देवनागरी ठरवून दिली, तीत ही वळणं आहेत. युनिकोडमध्ये मात्र अक्षराचा क्रमांक एकच असतो; वळण फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, आणि पान मराठी भाषेचं आहे असं संकेतस्थळाच्या संहितेत नोंदवलं तर फॉन्ट मराठी वळण दाखवतो. एका ओळीचं काम आहे. मराठी अक्षरांवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पानावर परकं ‘ल’ दिसू नये, याचं मला मनापासून अगत्य आहे. र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ फॉन्ट केला, तो विंडोजबरोबर घरोघरी गेला आणि संगणकावर मराठी वाचण्याची सवय एका पिढीला लागली. आता ‘मुक्त’सारखे उत्तम फॉन्ट मोफत मिळतात.

९. स्वतःचं ठिकाण घ्या

दुसऱ्याच्या जागेवर काम जरूर दाखवा, पण मूळ नोंद स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर ठेवा. जिओसिटीज २००९ साली बंद झालं, ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरात, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये. माझ्या परिचयातल्या अनेक डिझायनरांची देखणी संकेतस्थळं फ्लॅशमध्ये केलेली होती. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश थांबवलं आणि ती ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. बिहान्ससारखी ठिकाणं आज भक्कम आहेत आणि तिथे नवी माणसं भेटतात. पण तिथला नियम आपल्या हातात नाही.

माझी पानं मुद्दाम साधी आहेत : मजकूर, चित्र, आणि काही नाही. साधं पान सर्वांत जास्त टिकतं आणि गावाकडच्या मंद जोडणीवरही उघडतं. चित्रांच्या मूळ प्रती दोन हार्ड डिस्कांवर, दोन वेगळ्या घरांत आहेत. नवं पान लावलं की इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते जतन करण्याची विनंती टाकतो. त्याला पैसे पडत नाहीत. पत्त्याचं नूतनीकरण, परवलीचे शब्द, हे सगळं एका कागदावर लिहून मुलीकडे दिलं आहे. तिने विचारलं, ‘बाबा, पुढे मी यात काय भर घालू?’ मी म्हटलं, काही नको, फक्त दरवर्षी पैसे भर.

१०. ज्यांना आठवतं त्यांना आत्ता भेटा

हे सगळ्यांत आधी करायचं काम आहे. फाइल पाच वर्षांनी उघडेल न उघडेल, पण निदान प्रयत्न करता येईल. माणसाच्या बाबतीत तेही नाही.

एका चरित्राच्या मुखपृष्ठावर लेखिकेचं जुनं रंगीत छायाचित्र होतं. छपाई अतिशय सुरेख झाली होती आणि ती तशी का झाली हे मला कधी नीट कळलं नव्हतं. प्रोसेसमध्ये काम करणाऱ्या काकांचा पत्ता शोधून त्यांना भेटलो, पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा बदलला, मुखपृष्ठ खिडकीकडे धरलं आणि म्हणाले, ‘अहो, याचा मॅजेंटा मी हाताने उतरवलाय. बाईंच्या चेहऱ्यावर लाली फार येत होती.’ मग त्यांनी ती रीत सांगितली. पॉझिटिव्ह फिल्मवर जिथे रंग तसाच राहू द्यायचा तिथे वार्निशचा हात द्यायचा. उरलेल्या भागावर फेरिसायनाइडचं द्रावण ब्रशने फिरवायचं. त्याने ठिपके कडांनी झिजून बारीक होतात, रंग हलका होतो. क्षणभर जास्त झालं तर ठिपका जातो आणि फिल्म नव्याने काढावी लागते. भिंगातून पाहत, पाण्याने धूत, पुन्हा लावत हे चालायचं. आज संगणकावर एक रेषा खाली ओढली की जे होतं, त्यासाठी त्यांनी एक अख्खी दुपार दिली होती. मी त्यांच्या परवानगीने सगळं फोनवर ध्वनिमुद्रित केलं.

त्या मुखपृष्ठाच्या पानावर आता त्यांचं नाव आहे आणि हे निवेदन त्यांच्याच शब्दांत आहे. निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं : त्या फिल्म ज्या कॅमेऱ्यावर निघाल्या, तो चालवणारे गृहस्थ निवृत्त होऊन नाशिकला राहतात आणि त्यांच्याकडे जुन्या प्रूफांचं एक बाड अजून आहे. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. पुढच्या आठवड्यात ध्वनिमुद्रक आणि छोटा स्कॅनर घेऊन मी तिकडे जातो आहे.